रिझल्ट लागेपर्यंत स्वतःशी कसं वागायचं

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना सल्ला देणारे खूप आहेत. कोणतं पुस्तक वाचायचं, चालू घडामोडींच्या नोट्स कशा काढायच्या, निगेटिव्ह मार्किंग असताना किती प्रश्न सोडवायचे, हे सांगणारे क्लास पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत गल्लोगल्ली आहेत. पण परीक्षा पुढे ढकलल्याची सूचना आली की, प्री आणि मेन्सच्या मधल्या त्या अधांतरी महिन्यांत, किंवा यादीत नाव नसलेल्या रात्री स्वतःशी काय बोलायचं, हे कुणी शिकवत नाही. हा लेख तेवढ्यासाठी आहे. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्यांसाठी आहे, तसाच लातूर, नांदेड, नागपूर, कोल्हापूरच्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांसाठी आहे. थोडा त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे.

या मुलांशी बोलताना एक गोष्ट वारंवार कानावर येते. सकाळी उठायला उशीर झाला, टेस्ट सिरीजमध्ये मार्क घसरले, दुपारचा तासभर मोबाइलमध्ये गेला, की आतून एक आवाज सुरू होतो. ‘लाज वाटत नाही? बाप तिकडे उन्हात राबतोय आणि तू इथं रील बघतोस?’ बहुतेकांना हा आवाज आपल्या भल्याचा वाटतो. तो थांबला तर आपण पुस्तकाला हातही लावणार नाही, अशी धास्ती असते. तयारीच्या वर्षांत सर्वांत जास्त नुकसान होत असेल तर ते या समजुतीनं, असं माझं स्पष्ट मत आहे. आसूड ओढला की बैल चार पावलं झपाझप टाकतो, पण त्यावर अख्खं रान नांगरून होत नाही. इथे तर तीन-चार वर्षांचं काम असतं, आणि ज्या दिवसासाठी ते करायचं तो दिवसही पक्का नसतो.

तारखा तुमच्या हातात नव्हत्या

गेल्या काही वर्षांत काय झालं ते एकदा नीट आठवा. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची (एमपीएससी) २०२० ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा, म्हणजे प्री, एप्रिल २०२० मध्ये व्हायची होती. कोरोना आला आणि ती पुढे पुढे जात राहिली. शेवटी १४ मार्च २०२१ ही तारीख ठरली. तीन दिवस आधी तीही रद्द झाली, पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली, आणि पेपर २१ मार्चला झाला. २०२४ ची पूर्वपरीक्षा आधी २८ एप्रिलला ठरली होती. ती लांबत लांबत २५ ऑगस्टवर आली. नेमकी त्याच दिवशी आयबीपीएसची बँकेची परीक्षा होती, म्हणून पुन्हा आंदोलन झालं, आणि पेपर १ डिसेंबरला झाला. २०२५ मध्ये २८ सप्टेंबरची पूर्वपरीक्षा अतिवृष्टी आणि पुरामुळे ९ नोव्हेंबरला गेली. याच काळात मेन्स बहुपर्यायीची वर्णनात्मक झाली. नवी पद्धत २०२३ पासून लागू करायची की २०२५ पासून, यावरूनही मुलं रस्त्यावर बसली. वर्षानुवर्षं गोल काळे करण्याचा सराव केलेल्यांना पानंच्या पानं उत्तरं लिहायला बसावं लागलं. आणि जागा काही शे, अर्ज मात्र लाखांत.

यातली एकही गोष्ट तुमच्या आळसामुळे घडलेली नाही. तरीही मुलं हिशोब मांडताना सगळं स्वतःच्याच खात्यावर टाकतात. ‘ऑगस्टला पेपर झाला असता तर माझी प्री निघाली असती. नंतरच्या तीन महिन्यांत माझं लक्षच उडालं. चूक माझीच.’ ठरलेल्या दिवसासाठी ताणून धरलेलं मन तो दिवसच नाहीसा झाल्यावर सैल पडणार. ज्याचं सैल पडत नाही असा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून पहिलं काम अगदी साधं आहे. वहीचं एक पान घ्या आणि मध्ये उभी रेघ मारा. उजवीकडे जे तुमच्या हातात नव्हतं ते लिहा: तारीख, जागांची संख्या, कटऑफ, बदललेली पद्धत, घरी आलेलं आजारपण, पावसानं गेलेलं सोयाबीन आणि त्यामुळे दोन महिने न आलेले पैसे. डावीकडे जे हातात होतं ते लिहा. इथे मात्र स्वतःला सूट द्यायची नाही. प्रीचा पेपर दोन फक्त पात्रतेपुरता आहे म्हणून त्याचा सराव टाळला असेल, तर तो डावीकडे. पंधरा प्रश्नांवर अंदाज मारून निगेटिव्ह मार्किंगमध्ये गुण घालवले असतील, तर तेही डावीकडे. बहुतेकांच्या पानावर डावीकडे चार-पाच ओळी येतात. त्या चार-पाच ओळींवर काम करता येतं. ‘मी नालायक आहे’ या वाक्यावर कुठलंच काम करता येत नाही.

आतल्या आवाजाचं एक वाक्य

स्वतःशी मायेनं वागण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी सुरू केला. २००३ मध्ये त्यांनी त्याची मांडणी तीन भागांत केली. आपल्यावर वाईट वेळ आली की स्वतःला न झोडपता मायेनं वागवणं, हा पहिला. असं दुःख, असं अपयश माणूस म्हणून सगळ्यांच्याच वाट्याला येतं, आपण एकटेच कमनशिबी नाही, हे ध्यानात ठेवणं, हा दुसरा. आणि जे वाटतंय ते न दडपता, न फुगवता, जेवढं आहे तेवढंच पाहणं, हा तिसरा. तिसऱ्याकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. पण ‘चार गुणांनी प्री गेली’ हे जेवढं आहे तेवढं पाहणं झालं, आणि ‘माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं’ हे फुगवलेलं झालं. या दोन वाक्यांमधल्या अंतरात रात्रीची झोप जाते.

आता सवय बदलायची कशी? फक्त एका वाक्यापासून सुरुवात करा. दिवसभरात स्वतःला जे सर्वांत जहरी बोलता ते शब्दशः कागदावर उतरवा. सौम्य करू नका. समजा वाक्य असं आहे: ‘तीन वर्षं बापाचे पैसे उडवलेस, तुझ्याच्यानं काही होणार नाही.’ लिहून झालं की ते पुन्हा वाचा आणि स्वतःला विचारा, शेजारच्या कॉटवरचा रूम पार्टनर आज प्री नापास होऊन आला असता, तर हेच त्याच्या तोंडावर म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. त्याला काय म्हटलं असतं? ‘चल, आधी जेवून घेऊ’ म्हटलं असतं. थोड्या वेळानं विचारलं असतं, ‘नक्की कुठं गेलं रे?’ तो रडला असता तर तुम्ही गप्प बसून राहिला असता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर आन्सर की घेऊन बसला असता.

मग तेच वाक्य खाली नव्यानं लिहा. इथे एक खबरदारी घ्यायची: नवं वाक्य गोड नको, खरं हवं. ‘तू सर्वोत्तम आहेस, पुढच्या वेळी नक्की होईल’ असं लिहू नका. पुढच्या वेळी होईल की नाही हे कुणालाच माहीत नाही, आणि तुमच्या मनालाही ते कळतं, म्हणून असलं वाक्य त्याला पटत नाही. असं लिहा: ‘वाईट झालं, आणि वाईट वाटणारच. बाबांच्या पैशांची तुला काळजी आहे म्हणूनच एवढं लागलं. अर्थशास्त्र आणि विज्ञान कच्चं राहिलं. पैशांबद्दल रविवारी घरी नीट बोलायचं.’ या वाक्यात खोटा दिलासा नाही. दुःख आहे, त्यामागचं कारण आहे आणि पुढचं पाऊल आहे.

हे बोलताना स्वतःला नावानं हाक मारा, घरी जशी मारतात तशी. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर प्रयोग करून दाखवलं की, ताणाच्या प्रसंगी ‘मी’ असं न म्हणता स्वतःच्या नावानं स्वतःशी बोलणाऱ्यांची घालमेल कमी होते आणि नंतर तेच तेच उगाळणंही कमी होतं. आपल्याकडे मनाशी बोलण्याची रीत जुनीच आहे. रामदासांनी मनाच्या श्लोकांत मनाला उपदेश तर भरपूर केला, पण हाक मारताना त्याला सज्जन म्हटलं.

पण याने आळस वाढला तर?

ही शंका प्रत्येक जण घेतो. घ्यायलाच हवी, कारण लहानपणापासून आपल्याला छडी आणि विद्या यांचं नातं शिकवलेलं आहे. यावर दोन अभ्यास सांगतो. दोन्ही विद्यार्थ्यांवरचे आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची अवघड चाचणी दिली, ज्यात बहुतेकांची दाणादाण उडाली. मग काहींना, स्वतःवर फार कठोर होऊ नका, असल्या चाचणीत अनेकांना अडचण येते, असं सांगितलं. काहींच्या हुशारीचं कौतुक केलं. उरलेल्यांना काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या चाचणीआधी अभ्यासाला हवा तेवढा वेळ दिला. सर्वांत जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटानं. कौतुक झालेल्यांनीही तेवढा केला नाही.

दुसरा अभ्यास कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातला, २०१० चा. मायकेल वोल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या दोन लागोपाठच्या परीक्षा पाहिल्या. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. कारण समजायला सोपं आहे. पुस्तक उघडलं की आधी अपराधी वाटत असेल, तर माणूस पुस्तकच टाळतो. अपराधीपण कमी झालं की पुस्तकाकडे जायची वाट मोकळी होते.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत आणली आणि आयुष्यभर शिकवली. तिच्या मुळाशी हेच आहे की कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. इतिहासाचा पेपर वाईट गेला हे मूल्यमापन ठीक, त्यावरून ‘मी वाईट’ हा निष्कर्ष काढायचा नाही. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी फडके यांची पुस्तकं जरूर वाचावीत. वर्णनात्मक मेन्समध्ये नीतिशास्त्राचा पेपर आहेच, त्यालाही उपयोगी पडतील.

बुडालेला दिवस

वर सांगितलेल्या माफीचा रोजचा उपयोग इथे आहे. समजा मंगळवार बुडाला. मित्र आले, किंवा अंग दुखत होतं, किंवा काहीही कारण नसताना मोबाइलवरच संध्याकाळ झाली. रात्री अकरा वाजता अपराधी मनानं नवं टाइमटेबल तयार होतं: उद्या पहाटे चारला उठायचं, आजचे आठ तास आणि उद्याचे आठ तास, असे सोळा तास. बुधवारी चारला जाग येत नाही. साडेसातला उठल्यावर दिवस आधीच बुडाल्यासारखा वाटतो, मग तोही बुडतो. गुरुवारी चोवीस तासांचं कर्ज डोक्यावर. शुक्रवारी माणूस अभ्यासिकेत जायचंच टाळतो, कारण तिथं सगळे वाचत असतात.

या साखळीची पहिली कडी मंगळवार नव्हे, रात्री अकराचं ते टाइमटेबल आहे. मंगळवार गेला, तो सोडून द्या. बुधवारचं टाइमटेबल नेहमीचंच ठेवा, उलट सुरुवात सोप्या विषयानं करा. पहिली पंचवीस-तीस मिनिटं जे येतं तेच वाचा. बुडालेला भाग रविवारी दुपारी थोडा भरून काढा आणि जे राहील ते राहू द्या. आणि मंगळवार का बुडाला याची एक ओळ वहीत लिहा, शिवी न देता. महिनाभरानंतर त्या ओळी एकत्र वाचल्या की कळतं, दर वेळी आदल्या रात्री दोनला झोपलो होतो. मग उपाय झोपेवर करायचा, हे उघड आहे. झोप, मेसचं वेळेवर जेवण आणि संध्याकाळी अर्धा तास चालणं, याबद्दल वेगळं सांगत नाही. सगळ्यांना माहीत आहे, फक्त मार्क कमी आले की सर्वांत आधी तेच बंद केलं जातं.

रिझल्टची रात्र

यासाठी आधीच ठरवून ठेवावं लागतं, कारण त्या रात्री ठरवण्याची ताकद नसते.

पीडीएफ उघडली, नंबर शोधला, सापडला नाही. दुसऱ्यांदा शोधला, नाव टाकून शोधला. त्यानंतरचे दोन दिवस काही गोष्टी करायच्या नाहीत, एवढं कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवून ठेवा. कोणताही मोठा निर्णय नाही: तयारी सोडायची, गावी जायचं, लग्नाला हो म्हणायचं, सगळी पुस्तकं विकून टाकायची, काहीच नाही. टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपचे ग्रुप म्यूट. तिथे कटऑफची भांडणं आणि निवड झालेल्यांचे फोटो यापलीकडे त्या रात्री काही नसतं. आन्सर की बाजूला. स्टेटस ठेवायचं नाही.

करायचं ते एवढंच. एका माणसाला सांगायचं, तोंडानं, शक्य असेल तर समोरासमोर. मेसला जायचं, भूक नसली तरी पोळीचे चार घास खायचे. रात्री रूमवर एकटं राहायचं नाही. अंथरुणावर छाती धडधडायला लागली तर एक हात छातीवर ठेवा, श्वास नेहमीसारखा घ्या आणि सोडताना तो घेतल्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा. पाचेक मिनिटं करा. ही समजूत काढायची युक्ती नव्हे. लांब उच्छ्वासानं हृदयाचे ठोके खरोखरच मंदावतात, आणि अंगाला मायेचा स्पर्श, मग तो आपल्याच हाताचा का असेना, शांत करतो. रडू आलं तर येऊ द्या, हे मुलग्यांना मुद्दाम सांगायला हवं.

तिसऱ्या दिवशी ते मध्ये रेघ मारलेलं पान काढा.

एक गोष्ट या दिवसांत जास्तच बोचते, ती म्हणजे चौकातले फ्लेक्स. निवड झालेल्यांचे हसरे फोटो, खाली क्लासचं नाव, गावात जेसीबीतून गुलाल. त्यांचा आनंद खरा आहे आणि त्यांनी तो कमावलेला आहे. पण फ्लेक्स लागतो तो शंभरांतल्या एकाचाही नाही. जे निवडले गेले नाहीत त्यांचा फ्लेक्स नसतो, म्हणून प्रत्येकाला वाटतं की राहिलो तो मी एकटाच. अभ्यासिकेतल्या शांततेनंही हा भास वाढतो. शेजारच्या टेबलवरची मुलगी सकाळपासून पान उलटत नाहीये हे आपल्याला दिसत नाही. यावर एक उपाय मला फार परिणामकारक वाटतो. दोघा-तिघांनी आठवड्यातून एकदा चहाला बसायचं आणि प्रत्येकानं त्या आठवड्यात काय जमलं नाही ते एक सांगायचं. सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. नेफ यांनी सांगितलेला दुसरा भाग, आपण एकटेच नाही हा, पुस्तकातून समजतो, पण तो पटतो या टपरीवर.

रविवारचा फोन

घरचा फोन हा अनेकांच्या आठवड्यातला सर्वांत अवघड प्रसंग असतो. वडील विचारतात, ‘काय म्हणतोय अभ्यास?’ मुलगा म्हणतो, ‘चाललाय.’ पुढे दोघांनाही शब्द सापडत नाहीत. आई म्हणते, शेजारच्या अमक्याचं तलाठ्यात झालं. फोन ठेवल्यावर मुलगा दोन तास वाचू शकत नाही.

घरच्यांना परीक्षेची रचना माहीत नसते, म्हणून त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: झालं की नाही? त्यांना एकदा बसून सगळं समजावून सांगा. प्री म्हणजे काय, मेन्स कधी, मुलाखत कधी, यादी लागायला किती महिने जातात, आणि सगळं नीट झालं तरी नेमणूक हातात पडायला किती वेळ जातो. कागदावर लिहून फोटो पाठवा. पैशांबद्दल स्पष्ट बोला: महिन्याला कॉट, मेस, अभ्यासिका मिळून एवढे लागतात, अजून इतके महिने लागतील, तुम्हाला झेपेल का? हे विचारणं अवघड आहे. पण न विचारता मनातल्या मनात रोज त्याचं व्याज भरणं जास्त अवघड आहे. मुलींच्या बाबतीत पैशांइतकाच लग्नाचा प्रश्न असतो. ‘अजून एकदा बघू देतो, मग स्थळं’ हे वाक्य डोक्यावर घेऊन अनेक जणी पेपर देतात. त्यांनी घरातलं बाजू घेणारं एक माणूस, मग ती मावशी असेल, काका असेल, वहिनी असेल, हाताशी धरावं आणि ही बोलणी त्यांच्यामार्फत करावीत. सगळ्या लढाया एकटीनं लढण्यात काही मोठेपण नाही.

आईबाबांनो, तुम्हाला दोनच विनंत्या. रिझल्टच्या दिवशी तुम्ही आधी फोन करू नका, तो किंवा ती करेल. आणि फोन आला की निकालाआधी ‘जेवलीस का?’ असं विचारा. पोरं रडतात ती बहुतेक वेळा तुम्ही रागवाल म्हणून नव्हे, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

थांबायचं कधी

राज्यसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं आहे. म्हणजे बावीस-तेविसाव्या वर्षी सुरुवात केलेल्या माणसाला आयोग पंधरा वर्षं ‘थांब’ म्हणत नाही. तो शब्द तुम्हालाच उच्चारावा लागतो. स्वतःशी निर्दयपणे वागणारा माणूस तो उच्चारू शकत नाही, कारण त्याच्या लेखी थांबणं म्हणजे हरणं, आणि हरणं म्हणजे नालायक असणं. मग परीक्षेची आशा संपली तरी तो पेठेत राहतो, कारण गावी तोंड दाखवायचं नाही. अशी माणसं पेठेत आहेत, आणि त्यांच्यावर हसणाऱ्यांची मला चीड येते.

हा निर्णय रिझल्टच्या रात्री घेऊ नका. दोन परीक्षांच्या मधल्या शांत काळात, विश्वासाच्या एखाद्या माणसाबरोबर बसून, आकड्यांवर घ्या. गेल्या तीन प्रयत्नांत गुण वाढताहेत की तिथेच आहेत? कटऑफपासून किती दूर? घरचे पैसे किती महिने पुरतील? हाताशी दुसरं काय आहे: बीएड, बँका, सरळसेवा भरती, पदवीच्या जोरावर मिळणारी खासगी नोकरी, घरची शेती? नोकरी करत एखादा प्रयत्न देता येईल का? मग एक तारीख ठरवा आणि त्या माणसाकडे लिहून ठेवा. प्लॅन बी तयार असला की मन परीक्षेतून निघतं असं काही क्लासवाले सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला पडल्यावर कुठं जायचं हे माहीत असतं, तो हॉलमध्ये जास्त शांत असतो.

आणि थांबलात तर तयारीची वर्षं वाया गेली असं कुणालाही म्हणू देऊ नका. राज्यघटना, अर्थव्यवस्था, भूगोल, कायदे यांचा असा अभ्यास केलेला माणूस कुठल्याही ग्रामपंचायतीला, शाळेला, वर्तमानपत्राला, सहकारी संस्थेला हवा असतो.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. वर सांगितलेलं सगळं ताणासाठी आहे. ताण आणि आजार यांत फरक आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, कशातच मन लागत नसेल, आपण नसलेलंच बरं असं वाटत असेल, तर ही स्वतःशी बोलून निस्तरायची गोष्ट राहिली नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारी जिल्हा रुग्णालयातही ही सोय असते. स्वतःशी मायेनं वागणं म्हणजे अशा वेळी औषध घेणं. रूम पार्टनर गप्प गप्प झाला असेल, आपल्या वस्तू वाटायला लागला असेल, तर त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. पोलिसांची भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आत्ता, हे वाचून होताच, तो फोनमध्ये सेव्ह करा आणि शेजारच्या कॉटवरच्यालाही पाठवा.